पदवीचा इतिहास-प्रबंध : प्रश्न छोटा, पुरावा भक्कम

इतिहासाचा विद्यार्थी पदवीच्या वर्गात बहुतांशी दुसऱ्यांनी लिहिलेला इतिहास वाचतो. प्रबंध लिहायला घेतला की मात्र त्याची जुन्या कागदपत्रांशी प्रथमच थेट गाठ पडते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार चार वर्षांच्या संशोधनासह ऑनर्स पदवीसाठी चौथ्या वर्षी १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प अथवा प्रबंध करावा लागतो. पहिल्या सहा सत्रांत किमान ७५ टक्के गुण मिळविणाऱ्यांना हा मार्ग खुला आहे. एरवी एम. ए. किंवा पीएच. डी.च्या टप्प्यावर भेटणारे हे काम त्यामुळे पदवीच्या वर्गातच समोर येऊ लागले आहे. ते कसे करावे, हे पुण्यातील १८९७ च्या प्लेगच्या उदाहरणावरून पाहता येईल.

विषयाकडून प्रश्नाकडे

‘पुण्यातील प्लेग’ हा विषय झाला. तो प्रश्न नव्हे. एवढ्या विषयावर ग्रंथ होईल, पण वर्षभरात पुरा होणारा प्रबंध होणार नाही. ‘फेब्रुवारी ते जून १८९७ या काळात घरतपासणीविषयी केसरीची भूमिका कशी बदलत गेली?’ हा मात्र प्रश्न आहे. त्याला काळाची, स्थळाची आणि साधनाची मर्यादा आहे. प्रश्न योग्य आहे की नाही, हे तपासण्याची एक सोपी कसोटी आहे. कोणता कागद सापडला तर आपले उत्तर चुकीचे ठरेल, हे सांगता आले पाहिजे. ते सांगता येत नसेल, तर हातात प्रश्न नसून आधीच ठरविलेले मत आहे, असे समजावे.

साधनांचा शोध

प्रारंभ दुय्यम साधनांपासून, म्हणजे या विषयावर आजवर झालेल्या लेखनापासून करावा. त्या ग्रंथांतील तळटीपा मूळ साधनांची वाट दाखवितात. प्लेगच्या बाबतीत मूळ साधने निरनिराळ्या जातींची आहेत. फेब्रुवारी १८९७ मध्ये संमत झालेला साथरोग कायदा, राज्य पुराभिलेखागारातील प्लेगविषयक सरकारी पत्रव्यवहार, केसरी आणि मराठा या पत्रांचे अंक, तसेच दामोदर हरी चापेकर यांनी तुरुंगात लिहिलेले आत्मवृत्त ही त्यांपैकी काही. यांतील प्रत्येक कागद कोणी, कोणासाठी आणि कधी लिहिला, हे आधी नोंदवावे. अधिकारी वरिष्ठांना लिहितो, संपादक वाचकांना लिहितो आणि कैदी घडून गेलेल्या घटनेकडे मागे वळून पाहत लिहितो. तिघांची साक्ष एकाच मापाने मोजता येत नाही.

विषय निवडताना लिपीचाही विचार हवा. १८९७ ची सरकारी कागदपत्रे मुख्यतः इंग्रजीत, तर केसरी देवनागरीत आहे. पेशवेकाळ निवडला, तर मोडी वाचनाचा सराव आणि शक-फसली सनांचे गणित अपरिहार्य ठरते. मोडी येत नसल्यास छापील साधनांपुरती मर्यादा घालून घ्यावी. रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी संपादिलेले पेशवे दफ्तराचे ४५ खंड त्यासाठी उपलब्ध आहेत. अभिलेखागारात जाताना महाविद्यालयाचे पत्र, ओळखपत्र आणि पेन्सिल जवळ ठेवावी. नियमांची चौकशी आधीच करावी.

पुराव्याची पारख

खरी परीक्षा येथे होते. वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी गोपाळ कृष्ण गोखले १८९७ मध्ये इंग्लंडला गेले होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे, गोऱ्या सैनिकांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केल्याचे त्यांनी तेथील वृत्तपत्राला सांगितले. जुलैअखेर ते परतले, तेव्हा पुरावा देण्यास कोणी पुढे आले नाही आणि त्यांना जाहीर माफी मागावी लागली.

यावरून ‘तसे काही घडलेच नाही’ असे लिहिणे जितके उतावीळपणाचे, तितकेच ‘ते घडलेच होते’ असे लिहिणेही. २२ जून रोजी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या होत्या, शहरावर जादा पोलिस बसविले गेले होते आणि टिळकांना अटक झाली होती. अशा वातावरणात साक्षीदार का गप्प राहिले असतील, याची मीमांसा विद्यार्थ्याला करता येते. मात्र ती मीमांसा आहे, पुरावा नव्हे, हे वाक्यरचनेतूनच स्पष्ट व्हायला हवे. पुरावा जेथे थांबतो, तेथे विधानानेही थांबावे. ज्या स्त्रियांच्या नावावर हा सारा वाद झाला, त्यांचा स्वतःचा शब्द या वादात कोठेही ऐकू येत नाही. प्रबंधात या मौनाचीही नोंद व्हायला हवी.

टिपणे आणि संदर्भ

टिपण घेताना उतारा, सारांश आणि स्वतःचे मत ही तिन्ही वेगळी ठेवावीत. प्रत्येकासोबत खंड, पान व दिनांक लिहावा. सहा महिन्यांनी कोणते वाक्य कोणाचे हे आठवत नाही आणि नकळत झालेली उचलेगिरी हीही उचलेगिरीच ठरते. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी साधने कधीकधी अस्तित्वातच नसलेल्या ग्रंथांचे संदर्भ बिनदिक्कत देतात. स्वतःच्या डोळ्यांनी न पाहिलेला संदर्भ तळटीपेत घालू नये.

लेखनाची मुदत

वेळेची वाटणी आरंभीच करावी. वर्ष हाती असेल, तर पहिली तिमाही वाचन व प्रश्ननिश्चितीसाठी, दुसरी साधनांसाठी, तिसरी पहिल्या खर्ड्यासाठी आणि चौथी पुनर्लेखनासाठी राखावी. ‘सगळे वाचून झाल्यावर लिहू’ हा संकल्प बहुधा मुदतीच्या आदल्या रात्रीपर्यंत लांबतो. एखादे प्रकरण लवकर लिहून मार्गदर्शकांना दाखविल्यास पुराव्यातील भोके वेळेत दिसतात आणि अभिलेखागाराची आणखी एक खेप शक्य होते. प्रस्तावना सर्वांत शेवटी लिहावी. कारण आपण नेमके काय सिद्ध केले, हे तोवर कळलेले असते.

महाराष्ट्रात इतिहासातील एखाद्या तारखेवरून वा शब्दावरूनही वादळ उठते. अशा समाजात ‘हे विधान कशाच्या आधारे?’ असे स्वतःला विचारण्याची सवय विद्यार्थ्याला लागली, तर प्रबंधाचे गुण विस्मरणात गेल्यावरही ती कामी येईल.