अर्धा कीं तिसरा हिस्सा ?

भाकरीचे सारखे दोन तुकडे केले, तर प्रत्येक तुकडा अर्धा होतो; तीन केले, तर तिसरा हिस्सा. एकच तुकडा एकाच वेळीं अर्धाहि आणि तिसरा हिस्साहि असूं शकेल काय ? व्यवहार म्हणेल, नाहीं. परंतु गोलाच्या पृष्ठभागावर असा तुकडा संभवतो, हें फेलिक्स हाउसडोर्फ या जर्मन गणितज्ञांनीं १९१४ सालीं सिद्ध केलें.

आकृति ताणली, वाकविली, तरी तिचे जे गुण टिकतात, त्यांचा विचार संस्थितिविज्ञान करतें. या शास्त्राला हाउसडोर्फ यांनीं त्याच वर्षीं आपल्या ग्रंथांत पक्का पाया घालून दिला. प्रस्तुत कोड्यांत मात्र ताणण्यास मुळींच वाव नाहीं. तुकडे ताठ, ते केवळ फिरवावयाचे. गोलपृष्ठावरील कांहीं बिंदु, संख्येनें अनंत तरी क्रमांक लावतां येण्याजोगे, त्यांनीं प्रथम वगळले. उरलेल्या बिंदूंचे तीन तुकडे केले. हे तिन्ही परस्परांशीं तंतोतंत जुळतात. आणि दुसरा व तिसरा मिळून होणारा जोड तुकडाहि पहिल्याशींच जुळतो!

हे तुकडे कात्रीनें कापतां येत नाहींत. अनंत समूहांतून, नियम न सांगतां, एकेक बिंदु वेचतां येतो असें गृहीत धरून ते बनतात. त्यांना क्षेत्रफळ देऊं गेल्यास हिशेबच मोडतो. तात्पर्य, गोलपृष्ठाच्या प्रत्येक भागाला, तो फिरविला तरी न बदलणारें क्षेत्रफळ देणें अशक्य आहे. याच विचाराच्या आधारें बानाख व तार्स्की या पोलिश गणितज्ञांनीं १९२४ मध्यें दाखविलें कीं, एका भरीव गोळ्याचे मोजके तुकडे नुसते हलवून, फिरवून तेवढेच दोन गोळे जुळवितां येतात. त्याला पांच तुकडे पुरतात, हें रॉबिन्सन यांनीं १९४७ मध्यें सिद्ध केलें.

तें पाहण्यास हाउसडोर्फ उरले नव्हते. ते ज्यू होते. त्यांचा शेवटचा निबंध १९३८ मध्यें जर्मनींत नव्हे, तर वॉर्साच्या ‘फंडामेंटा मॅथेमॅटिकी’ या नियतकालिकांत निघाला. जानेवारी १९४२ मध्यें बॉनमधील एंडेनिख येथील छावणींत हजर होण्याचा हुकूम आला. तेव्हां २६ तारखेस त्यांनीं, पत्नी शार्लोट यांनीं व मेहुणीनें विष घेऊन जीवन संपविलें.

आपलीं हस्तलिखितें त्यांनीं हान्स बोनेट या इजिप्तविद्येच्या अभ्यासकाच्या स्वाधीन केलीं होतीं. बोनेट यांचें घर बाँबनें उद्ध्वस्त झालें. तरी जेवढे कागद वांचवितां आले, तेवढे त्यांनीं वांचविले. ते आज बॉन विद्यापीठाच्या ग्रंथालयांत आहेत.