'ओल्ड नंबर वन' आणि अस्सलतेचा प्रश्न

ऐतिहासिक वस्तूचा जीर्णोद्धार करताना मूळ वस्तू कोठे संपते व नवी कोठे सुरू होते, हा प्रश्न अभ्यासकाला टाळता येत नाही. जुन्या स्पर्धा-मोटारींच्या संदर्भात तो इंग्लंडमध्ये थेट न्यायालयापर्यंत पोहोचला.

बेंटले कंपनीच्या 'ओल्ड नंबर वन' या मोटारीने १९२९ व १९३० मध्ये फ्रान्समधील ल मान्स येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली. पुढे तिच्यात अधिक मोठे इंजिन बसविण्यात आले. १९३२ मध्ये ब्रुकलँड्स येथील शर्यतीत तिचे चालक क्लाइव्ह डन्फी यांचा अपघाती मृत्यू झाला. त्यानंतर तिला बंदिस्त कूपे बॉडी मिळाली. १९९० मध्ये तिचा सौदा एक कोटी पौंडांना ठरला. मात्र मोटार अस्सल नसल्याचे सांगून खरेदीदाराने माघार घेतली. शर्यतीच्या काळातील सुटे भाग तिच्यात फारच थोडे उरले होते. तथापि बदल टप्प्याटप्प्याने झाले व मोटारीचे अस्तित्व अखंड राहिले, म्हणून ती 'ओल्ड नंबर वन'च होय, असा निर्णय न्या. ऑटन यांनी दिला.

या निर्णयाचा कारागिरीशी निकटचा संबंध आहे. कुशल कारागीर लाकडी सांगाडा जोडून, पत्रा ठोकून १९२९ चे रूप हुबेहूब उभे करू शकतो. परंतु तसे करताना कूपे बॉडी नष्ट झाली, तर १९३२ नंतरचा इतिहासही पुसला जातो. नक्कल जितकी निर्दोष, तितके बाह्यरूप पुरावा म्हणून दुबळे ठरते. म्हणूनच काढलेला भाग जपणे आणि प्रत्येक बदलाची नोंद ठेवणे, हेही जीर्णोद्धाराच्या कौशल्याचे अविभाज्य अंग मानले पाहिजे.