शिवण नसलेली टोपी

लोकरी स्वेटर चुकून कढत पाण्यात पडला, की बापाच्या मापाचा स्वेटर लेकराच्या मापाचा होऊन बाहेर येतो आणि धुणाऱ्याला बोलणी खावी लागतात. स्कॉटलंडमध्ये मात्र लोकरीच्या याच आटण्यावर काही शतकं एक अख्खा धंदा चालला. तो धंदा बॉनेटचा.

बॉनेट म्हणजे थाळीसारखी चपटी, गोल, वर मधोमध गोंडा असलेली टोपी. आज घरी शिवायची तर चौकड्यांच्या लोकरी कापडाचे दोन गोल कापतात. एकाच्या मध्ये डोक्याच्या घेराचं भोक पाडतात, सुलट बाजू आत ठेवून कडेनं टीप मारतात, मग उलटवून पट्टी आणि गोंडा लावतात. संध्याकाळभराचं काम. गंमत अशी, की जुन्या बॉनेटला शिवण नव्हतीच.

ते विणलं जायचं. एअरशरमधलं स्ट्युअर्टन हे गाव त्यासाठी इतकं प्रसिद्ध, की त्याला आजही ‘बॉनेटचं गाव’ म्हणतात. शेजारच्या किलमारनॉकमध्ये १६४७ साली या कारागिरांचा रीतसर संघ झाला. डंडी शहरात तर बॉनेटवाले नऊ मानाच्या कसबांपैकी एक होते आणि त्यांच्या वस्तीच्या चढाला बॉनेट हिल असं नाव पडलं होतं. काम सुयांवर सुरू व्हायचं. गोलाकार विणत गेलं, की हातात यायची एक सैल, बेढब पिशवी. डोक्यावर घातली तर हनुवटीपर्यंत यावी अशी! मग ती गरम पाण्यात मळायची, तुडवायची, बडवायची. लोकरीचे तंतू एकमेकांत गुंतत जात, टाके दिसेनासे होत आणि विणीचं जाड, दाट कापड बने. ते लाकडी चकतीवर ताणून वाळवायचं, काटेरी बोंडांनी घासून लव उभी करायची आणि कात्रीनं सारखी करायची. अशा टोपीतून पाऊस सहजी आत शिरत नसे. टोपी किती आटेल, हे विणतानाच ओळखायचं; सगळा हुन्नर त्यात होता.

रंग बहुधा निळा. आधी तो वोड नावाच्या रोपाच्या पानांपासून मिळे. पुढे जहाजांतून हिंदुस्थानची नीळ आली. ही टोपी इतकी सर्रास झाली, की स्कॉटिश माणसाला नुसतं ‘ब्लू बॉनेट’ म्हटलं तरी पुरे. १७४५च्या बंडात गादी परत मिळवायला निघालेल्या राजपुत्र चार्ल्सच्या बाजूचे लोक बॉनेटला पांढऱ्या रिबिनीचं फूल लावत. कोण कोणाचा, हे टोपीवरून कळे.

टोपीचं दुसरं नाव एका दारुड्यानं दिलं. रॉबर्ट बर्न्सची ‘टॅम ओ’शँटर’ ही कविता १७९१ साली छापून आली. बाजारच्या दिवशी रात्री उशिरापर्यंत पीत बसलेला टॅम वादळातून घोडीवर घरी निघतो आणि डोक्यावरचं निळं बॉनेट घट्ट धरून ठेवतो. पुढे टोपीलाच त्याचं नाव चिकटलं. वाटेत भूतखेतं भेटलेल्या या माणसाचं नाव पुढे सैनिकांच्याही टोपीला लागावं, ही बर्न्सलाही आवडली असती अशी थट्टा.

सैनिकांच्या बॉनेटला शिवण आली ती युद्धामुळे. पहिल्या महायुद्धात खंदकांमध्ये स्कॉटिश सैनिकांची होडीच्या आकाराची ग्लेनगॅरी टोपी गैरसोयीची ठरली. १९१५ साली सैन्यानं खाकी बॉनेट आणलं. ते सुरुवातीला विणलेलं असे, पुढे सर्ज कापडाचे तुकडे जोडून शिवलं जाऊ लागलं. कापायला सोपं, शिवायला झटपट. घरच्या मशीनवर होणारं आजचं बॉनेटही असंच तुकडे जोडून होतं.

ते शिवायला घेतलंत, तर मागची रिबीन विसरू नका. ती शोभेची वाटते, पण मुळात होती टोपी डोक्याला घट्ट बांधण्यासाठी.