हेटफुल म्हणजे काय? मराठी अर्थ, वापर आणि उदाहरणे

तुमची एखादी कॉमेंट काढून टाकली गेली आणि कारण दिले गेले, ‘हेटफुल’. किंवा कोणी तुम्हाला उत्तर दिले, ‘इतके हेटफुल होऊ नका.’ अशा वेळी या शब्दाचा नेमका अर्थ काय घ्यायचा? सोशल मीडियावर हा शब्द रोज दिसतो, पण प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ सारखा नसतो.

हेटफुलचा मराठी अर्थ

‘हेट’ म्हणजे द्वेष किंवा तिरस्कार. त्याला ‘फुल’ म्हणजे ‘भरलेला’ हा प्रत्यय लागून ‘हेटफुल’ हे विशेषण तयार होते. त्याचे भाववाचक नाम ‘हेटफुलनेस’, म्हणजे द्वेषपूर्णता. उच्चार ‘हेट’ असाच करावा. ‘हॅट’ म्हटले तर टोपी होते.

इंग्रजीत या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत. मराठीत त्यासाठी दोन वेगळे शब्द वापरावे लागतात.

१. द्वेषपूर्ण, द्वेषाने भरलेला: ‘हेटफुल मेसेज’ म्हणजे द्वेषाने लिहिलेला मेसेज.

२. तिरस्करणीय, घृणास्पद: ‘हेटफुल कृत्य’ म्हणजे ज्याचा तिरस्कार वाटावा असे कृत्य.

पहिल्या अर्थात द्वेष लिहिणाऱ्याच्या मनात असतो. दुसऱ्या अर्थात तो पाहणाऱ्याच्या मनात निर्माण होतो. भाषांतर करताना आधी हे तपासा.

जवळचे मराठी शब्द

द्वेष: समोरच्याचे वाईट व्हावे अशी भावना. ती मनात टिकून राहते.
राग: येतो आणि जातो. रागाने बोललेले प्रत्येक वाक्य द्वेषपूर्ण नसते.
मत्सर: दुसऱ्याचे चांगले झालेले न बघवणे. ‘हेटर्स’ला आपण ‘जळणारे’ म्हणतो तेव्हा खरे तर मत्सराबद्दल बोलत असतो.
तिटकारा, किळस: एखादी गोष्ट नकोशी वाटणे. यात कोणाचे वाईट चिंतणे नसते.
हेटाळणी: टिंगल, अवहेलना. उच्चार ‘हेट’सारखा वाटतो, पण हा आपला जुना मराठी शब्द आहे. त्याचा इंग्रजी शब्दाशी संबंध नाही.

रोजच्या बोलण्यातला ‘हेट’

‘आय हेट कारले’ याचे मराठी ‘मी कारल्याचा द्वेष करतो’ असे होत नाही. ‘मला कारले अजिबात आवडत नाही’ एवढाच त्याचा अर्थ. मैत्रिणीने चेष्टेत ‘आय हेट यू’ लिहिले तर त्यात बहुधा लाडच असतो. बोलीतला ‘हेट’ असा सौम्य असू शकतो. ‘हेटफुल’ मात्र सहसा गंभीर आरोप म्हणूनच वापरला जातो.

सोशल मीडियाच्या नियमांतला अर्थ

एक्सच्या नियमांत ‘हेटफुल कंडक्ट’, म्हणजे द्वेषपूर्ण वर्तन, असा स्वतंत्र विभाग आहे. फेसबुक आणि इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटाने जानेवारी २०२५ मध्ये आपल्या ‘हेट स्पीच’ धोरणाला हेच नाव दिले. येथे शब्दाचा अर्थ शब्दकोशापेक्षा मर्यादित आहे. वंश, धर्म, जात, लिंग, अपंगत्व, राष्ट्रीयत्व अशा ओळखीवरून माणसांवर केलेला हल्ला, असा तो अर्थ. भाषा किती तिखट आहे यापेक्षा हल्ला कोणावर आणि कशावरून आहे, हे महत्त्वाचे.

समजा, गावातल्या खराब रस्त्याबद्दल तीन कॉमेंट आल्या.

‘या नगरसेवकाने रस्त्याची वाट लावली, पुढच्या वेळी मत नाही.’ ही टीका आहे.
‘हा माणूस महामूर्ख आहे.’ हा अपमान आहे. उद्धट आहे, पण द्वेषपूर्ण वर्तन या व्याख्येत सहसा बसत नाही.
‘त्याच्या जातीचे सगळे असेच, हाकलून द्या यांना.’ हे हेटफुल आहे. येथे रस्ता बाजूला पडला आणि एका माणसाच्या कामावरून संपूर्ण समाजाला लक्ष्य केले गेले.

कायदा काय म्हणतो?

भारतीय कायद्यात ‘हेट स्पीच’ची स्वतंत्र व्याख्या नाही. मात्र १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ नुसार धर्म, वंश, भाषा, जात, जन्मस्थान अशा आधारांवर गटागटांत शत्रुत्व किंवा द्वेष पसरवणे हा गुन्हा आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. इलेक्ट्रॉनिक माध्यमाचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर झालेल्या बंदवर प्रश्न विचारणारी फेसबुक पोस्ट लिहिल्याबद्दल पालघरमधील एका तरुणीला, आणि ती लाईक करणाऱ्या तिच्या मैत्रिणीलाही, अटक झाली. त्यानंतर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ ला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने ते कलम रद्द केले. चर्चा करणे, मताचा पुरस्कार करणे आणि चिथावणी देणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मत कितीही अप्रिय असले तरी पहिल्या दोन गोष्टी अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या गाभ्याशी आहेत, असे न्यायालयाने म्हटले.

शब्द वापरण्यापूर्वी

कोणाला ‘हेटफुल’ म्हणण्याआधी किंवा पोस्ट रिपोर्ट करण्याआधी पाहा: बोलणे कामाबद्दल आहे की जन्माबद्दल? एका व्यक्तीबद्दल आहे की संपूर्ण गटाबद्दल? मत मांडले आहे की कोणाविरुद्ध भडकावले आहे? स्वतःची कॉमेंट पाठवण्यापूर्वीही हेच प्रश्न विचारा. प्रत्येक टीकेला द्वेष म्हटले, तर खरा द्वेष समोर येईल तेव्हा त्यासाठी आपल्याकडे शब्द उरणार नाही.