तबकडी आणि लोकधून

नर्मदा ओलांडून मुंबई-आग्रा रस्ता धामनोदवरून घाट चढतो आणि इंदूरमार्गे देवासला पोहोचतो. क्षयाने ग्रासलेले कुमार गंधर्व १९४८ साली याच देवासला आले. बालपणी तीन-तीन मिनिटांच्या तबकड्या ऐकून थोर गवयांची गायकी हुबेहूब उभी करणाऱ्या या गायकाला आता गाणेच वर्ज्य झाले. उरले ते ऐकणे. अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्यातील स्त्रियांची लोकगीते त्यांच्या कानी येत राहिली. १९५३ च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत बसले. पुढे त्या धुनांच्या आधारे त्यांनी मालवती, लगनगंधार यांसारखे राग निर्मिले. ‘अनूपरागविलास’ हा ग्रंथ १९६५ साली निघाला. तबकडीने त्यांना परंपरेची ओळख करून दिली होती; स्वतःची वाट मात्र त्यांना या अनाम गळ्यांनी दाखविली.