विद्यापीठीय विद्यार्थी व व्यायाम

विद्यापीठात शिकणाऱ्या तरुणांच्या शारीरिक श्रमांचा आणि बैठ्या सवयींचा त्यांच्या उत्तरायुष्यातील आरोग्यावर होणारा परिणाम. या प्रश्नाचा पद्धतशीर विचार एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये सुरू झाला, तो व्यायामाच्या अभावापेक्षा त्याच्या अतिरेकाच्या भीतीतून. ऑक्सफर्ड व केंब्रिज यांच्यातील नौकास्पर्धा १८२९ पासून होत असत. अशा अतिश्रमाने हृदय कायमचे दुबळे होते, असा इशारा एफ्. सी. स्की या शल्यचिकित्सकांनी १८६७ मध्ये द टाइम्स या वृत्तपत्रातून दिला. त्यावर बराच वाद झाला. स्वतः ऑक्सफर्डमध्ये नौका वल्हविलेले वैद्य जॉन एडवर्ड मॉर्गन यांनी १८२९ ते १८६९ या काळातील स्पर्धकांचा शोध घेतला व युनिव्हर्सिटी ओअर्स (१८७३) या ग्रंथात आपले निष्कर्ष मांडले. हे नौकापटू अल्पायुषी तर नव्हतेच, उलट सर्वसाधारण आयुर्मानापेक्षा अधिक जगले, असे त्यांना आढळले. तथापि मुळातच सुदृढ असलेले तरुण संघात निवडले जातात, हा आक्षेप या निष्कर्षाने दूर होत नव्हता.

अमेरिकेत ॲम्हर्स्ट महाविद्यालयाने १८६१ मध्ये एडवर्ड हिचकॉक यांच्याकडे आरोग्यशास्त्र व शारीरिक शिक्षण सोपविले. त्यांनी विद्यार्थ्यांच्या शरीरमापनाच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या. हार्व्हर्डमध्ये डडली सार्जंट यांनी १८७९ पासून व्यायामशाळेचे संचालन केले.

निवडीच्या आक्षेपाला समर्पक उत्तर शंभर वर्षांनंतर मिळाले. तत्पूर्वी १९५३ मध्ये जेरेमी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांतील चालक व वाहक यांची तुलना प्रसिद्ध केली. दिवसभर जिने चढणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकार बसून काम करणाऱ्या चालकांपेक्षा कमी होता. राल्फ पॅफेनबार्गर यांनी हाच प्रश्न हार्व्हर्डच्या माजी विद्यार्थ्यांपुढे ठेवला. १९१६ ते १९५० या काळात दाखल झालेल्या विद्यार्थ्यांच्या वैद्यकीय तपासणीच्या व खेळांतील सहभागाच्या नोंदी विद्यापीठात उपलब्ध होत्या. कोणीएके काळी दप्तरी पडलेल्या या कागदांचे मोल अशा रीतीने सिद्ध झाले. पुढे १९६० नंतरच्या दशकात प्रश्नावली पाठवून त्यांचे जिने चढणे, चालणे व खेळ यांची माहिती घेण्यात आली आणि त्यांवरून आठवड्याला खर्च होणाऱ्या ऊर्जेचा निर्देशांक काढण्यात आला.

ही पाहणी १९७८ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत ३५ ते ७४ वर्षे वयाचे १६,९३६ पुरुष होते व त्यांपैकी ५७२ जणांना हृदयविकाराचा पहिला झटका आला. आठवड्याला २,००० किलोकॅलरींपेक्षा कमी ऊर्जा खर्च करणाऱ्यांना हा धोका इतरांपेक्षा ६४ टक्के अधिक होता. परंतु याहून महत्त्वाचा निष्कर्ष निराळाच होता : विद्यापीठाच्या संघातून खेळलेल्यांपैकी ज्यांनी नंतरही श्रम चालू ठेवले, त्यांनाच कमी धोक्याचा लाभ टिकविता आला. ज्यांनी व्यायाम सोडला, त्यांना तरुणपणीच्या पदकांचे संरक्षण मिळाले नाही. केवळ जन्मजात सुदृढतेने या लाभाचा उलगडा होत नाही, हे त्यावरून दिसले आणि मॉर्गन यांच्यावरील आक्षेपाचे बळ बरेच ओसरले. स्वतः पॅफेनबार्गर पंचेचाळिशीच्या सुमारास धावू लागले व पुढे मॅराथॉन शर्यतींत उतरले, ही गोष्ट या संदर्भात लक्षणीय आहे.

याच समूहातील मृत्यूंचा अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. २,००० किंवा अधिक किलोकॅलरी खर्च करणाऱ्यांचा मृत्युदर त्याहून कमी श्रम करणाऱ्या पुरुषांपेक्षा सुमारे एकचतुर्थांश ते एकतृतीयांश कमी असल्याचे त्यात दिसून आले. मात्र या समूहात स्त्रिया नव्हत्या, श्रमांची माहिती व्यक्तींनी स्वतःच दिलेली होती आणि हार्व्हर्डचे पदवीधर हा एकूण समाजाच्या मानाने सुस्थितीतील वर्ग होता.