गर्भचाचणी, घरगुती : परस्परविरोधी निष्कर्ष
घरगुती गर्भचाचणीची पट्टी लघवीतील एचसीजी हे संप्रेरक ओळखते. गर्भ रुजल्यावर ते स्रवू लागते व सुरुवातीला साधारण दोन-तीन दिवसांत दुप्पट होते. म्हणून पाळी चुकण्याच्या सुमारास एक पट्टी ‘नाही’ तर दुसरी ‘आहे’ सांगू शकते. पट्ट्यांची संवेदनशीलताही सारखी नसते. ठरलेल्या वेळेनंतर उमटलेली करडी रेघ ग्राह्य धरू नये. वेळेत उमटलेली फिकट, पण रंगीत रेघ सहसा खरी असते. पुढच्या चाचणीत ती नाहीशी झाल्यास अगदी प्रारंभीचा गर्भपात संभवतो, आणि त्यात सहसा स्त्रीचा काहीही दोष नसतो. दोन दिवसांनी सकाळच्या पहिल्या लघवीवर पुन्हा चाचणी करावी. संदेह उरल्यास रक्तातील बीटा-एचसीजी तपासावे. ओटीपोटात तीव्र वेदना, रक्तस्राव वा भोवळ असल्यास गर्भनलिकेत गर्भ असू शकतो. पट्टी काहीही दाखवो, तातडीने रुग्णालय गाठावे.